ओली कडा

उम्म अल कुवैनला आमच्या भाड्याच्या अंगणात
अठरा महिने ट्रेलरवर उभी होती ती,
एकोणीस फूट, फायबरची,
पोटाखाली दोन मांजरी व्यालेल्या.
अन्सार म्हणाला, हिला घरीच रंगवू.
यार्डवाल्याने किती मागितले ते सांगितलंच नाही,
नुसती मान हलवली,
महाग सुरमईसमोर हलवतो तशी.

पंधरा दिवस नुसतं घासणं.
एकशेवीसचा कागद, मग दोनशेवीसचा, मग तीनशेवीसचा ओला.
पांढऱ्याखाली निळा निघाला,
निळ्याखाली कळकट पिवळा,
त्याच्याखाली कुणीतरी बुजवलेली लांबट जखम.
धूळ एवढी की माझ्या भुवया पिकल्या.
तो हसला. त्याच्या आधीच पिकलेल्या होत्या,
मी नव्हते तेव्हा, कुठल्यातरी साली.

मला मोरपिशी हवा होता.
गडद होडी उन्हात भाजते, म्हणाला. पांढराच.
दोन भाग रंग, एक भाग हार्डनर,
कालवला की घड्याळ सुरू.
पहिला रोलर एक दिरहमचा,
ट्रेमध्येच विरघळला चहातल्या नानखटाईसारखा.
अन्सारने अस्सल बाणकोटी शिवी हासडली,
जी ह्या अख्ख्या गल्लीत
फक्त मला कळते.

रंगवायची वेळ म्हणजे सकाळची एक फट,
दव सुकल्यावर, पत्रा तापायच्या आधी.
दीड तास. वारा सुटला तर तेवढाही नाही.
तो पुढे रोलर फिरवणार, पातळ, वरून खाली,
मी मागून ब्रशची नुसती टोकं टेकवत
बुडबुडे मोडत जाणार.
"जोर देऊ नको, झोपल्या पोरीचे केस विंचरल्यागत.
आणि कडा ओली राहिली पाहिजे.
मागचं सुकायच्या आत
पुढचं त्याला जाऊन भेटलं पाहिजे.
एकदा सुकू लागलं की हात लावायचा नाही,
कितीही वाईट दिसो."

मी काही बोलले नाही.
लग्नानंतर बावीस वर्षं तो इथे, मी खाडीच्या काठाला,
दोन वर्षांतून पंचेचाळीस दिवस.
सासू गेली, पोरी आपापल्या घरी गेल्या,
मग मी आले. तीन वर्षं झाली.

नाळेपासून सुरुवात केली.
हात बसला हळूहळू.
रोलरचा चिकट आवाज, त्याच्यामागे माझा बिनआवाजाचा ब्रश,
आणि रंग आपोआप सपाट होत जाणारा,
दूध निवल्यावर साय धरते तसा.
एक चिलट बसलं त्यात. माझं बोट पुढे गेलं.
"राहू दे. सुकल्यावर बघू."
मी मनात डबा भरत होते:
तिवरांच्या बाजूला न्यायची हिला शुक्रवारी,
भाकरी, तळलेले बोंबील, बर्फात दोन कैऱ्या.

अर्ध्यावर आलो तेव्हा
रोलर न थांबवता तो म्हणाला,
"सप्टेंबरात व्हिसा संपतोय.
कंपनी वाढवत नाही म्हणते.
रंगवलेली असली की हजारभर जास्त येतील."

माझा ब्रश टेकलेलाच राहिला.
किती वेळ, ठाऊक नाही.
"कडा," तो म्हणाला. "कडा सुकते बघ."
मी हात चालवला.
डोळे अॅसिटोनने झोंबत होते, तसंही.

तिसऱ्या दिवशी रस्त्यावरून पाहिलं तर
आरशासारखी. शेजारचा बलुची ट्रकवाला
खाली उतरून केस सारखे करून गेला तिच्यात.

घ्यायला आला तो एक सुदानी मास्तर, अजमानचा.
पेन खिशाला, चप्पल काढून ट्रेलरवर चढला,
तळवा फिरवत नाळेपासून मागे आला.
चिलटावरून हात सरळ पुढे गेला.
उजव्या कुशीला, मध्यावर, थांबला.
वीतभर जागा, ब्रशच्या केसांचे ओरखडे
जसेच्या तसे वाळलेले.
बोटाने दोनदा चाचपून म्हणाला,
ह्याचे दोनशे कमी.

एरवी पाच दिरहमसाठी तासभर घासाघीस करणारा माझा नवरा
त्या वीतभर जागेकडे बघत राहिला.
मग म्हणाला, ठीक आहे.